पॅन्टोचं नेपथ्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी गणपती उठले की पॅन्टोच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या ख्रिसमसच्या पॅन्टोमाइम नाटकाच्या, सेटबद्दल विचारणा सुरू होते. विचारणारे दोन प्रकारचे. एक ब्रिटनमध्ये राहणारे: मुलांच्या शाळेच्या किंवा गावच्या हौशी मंडळाच्या पॅन्टोसाठी ‘तुम्ही नाटकवाले ना, मग सेट तुम्हीच बघा’ म्हणून त्यांना पकडलेलं असतं. दुसरे इकडे महाराष्ट्रात नेपथ्य शिकणारे, ज्यांनी पॅन्टो फक्त चित्रफितीत पाहिलेलं असतं. दोघांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर आधी येऊन गेलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पॅन्टोमाइम म्हणजे मूकनाट्य ना? त्याला एवढा सेट कशाला?

ब्रिटनमधलं ख्रिसमसचं पॅन्टोमाइम मुकं तर नसतंच, तिथे प्रेक्षकसुद्धा गप्प बसत नाहीत. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत चालणारं हे गाणी, विनोद आणि परीकथा यांचं नाटक. सिंड्रेला, अलाद्दीन, जॅक आणि त्याचा घेवड्याचा वेल, डिक व्हिटिंग्टन अशा ठरलेल्या गोष्टी. ‘डेम’ म्हणजे बाईच्या वेशातला पुरुष नट. खलनायक आला की हुर्यो, आणि नटाच्या पाठीमागे भूत आलं की पोरांचं बेंबीच्या देठापासून ओरडणं. याची मुळं अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये आहेत. जॉन रिच हा नाटकमंडळीचा चालक स्वतः हार्लेक्विनचं, म्हणजे जादू करणाऱ्या विदूषकाचं, काम करायचा. हार्लेक्विनने हातातली लाकडी पट्टी आपटली की झोपडीचा महाल व्हायचा. देखावा डोळ्यांदेखत बदलताना पाहायलाच लोक पैसे मोजून येत. सेटचा हा थाट तेव्हापासूनचा आहे.

२. सुरुवात कुठून करायची? चित्रं काढण्यापासून?

प्रवेशांच्या यादीपासून. संहिता हातात आली की प्रत्येक प्रवेशासमोर ‘पूर्ण’ किंवा ‘पुढचा’ असं लिहून काढा. ‘पूर्ण’ म्हणजे सगळा रंगमंच वापरणारा देखावा: गावचा चौक, डेमचं स्वयंपाकघर, राजवाडा. ‘पुढचा’ म्हणजे फ्रंटक्लॉथ, अर्थात दर्शनी कमानीच्या जरा मागे सोडलेला रंगवलेला पडदा आणि त्याच्यापुढची चार-सहा फुटांची पट्टी. बांधीव संहितेत हे दोन आलटून पालटून येतात. पुढे दोन विनोदी नट जंगलाच्या वाटेवर भांडत असतात, तेवढ्यात मागे चौक जाऊन राजवाडा उभा राहतो.

म्हणून पुढच्या पडद्यावरचा प्रवेश किती लांब हवा यात नेपथ्यकाराने बोलायलाच हवं. मागे सेट बदलायला चार मिनिटं लागणार असतील आणि पुढचा प्रवेश दोन मिनिटांत उरकत असेल, तर एक तर सेट हलका करा नाहीतर लेखकाकडून एक गाणं मागून घ्या. दोन ‘पूर्ण’ प्रवेश लागोपाठ आले असतील तर पहिल्याच वाचनाला दिग्दर्शकाला गाठा. नवी मंडळी राजवाड्याच्या खांबांवर आठवडेच्या आठवडे घालवतात आणि हा हिशेब रंगीत तालमीला मांडतात. माझ्या मते पॅन्टोचा नेपथ्यकार आधी वाहतूक पोलीस असतो, चित्रकार त्यानंतर. खालची बरीच उत्तरं याच यादीवर टेकलेली आहेत.

३. विंगा आणि झालरी आपल्याकडच्यासारख्याच असतात का? ‘कट-क्लॉथ’ म्हणजे काय?

त्याच. फरक एवढाच की आपल्याकडे आता बहुतेक ठिकाणी त्या काळ्या असतात आणि पॅन्टोत देखाव्याप्रमाणे रंगवतात. जंगल असेल तर विंग म्हणजे झाडाचं खोड आणि झालर म्हणजे वरच्या फांद्या. कट-क्लॉथ हा मधून कापलेला पडदा. त्यातली पानं, कमानी लोंबू नयेत म्हणून मागून जाळी चिकटवतात. असे दोन पडदे एकामागे एक आणि सर्वांत मागे अखंड पडदा टांगला की पंधरा फूट खोलीच्या रंगमंचावर मैलभर रान दिसतं. देखाव्याचे असे तुकडे करून खोली आणण्याचं तंत्र लंडनमध्ये रुजवलं ते द लूथरबर्ग या चित्रकाराने. १७७०च्या दशकात डेव्हिड गॅरिक या नट-व्यवस्थापकाने त्याला ड्रुरी लेन नाट्यगृहात आणलं होतं. जमिनीलगत ठेवायचा कुंपणाचा किंवा लाटांचा बुटका तुकडा विसरू नका. पडद्याची खालची कड आणि दिवे दोन्ही त्याच्यामागे लपतात.

४. एलईडीच्या पडद्यावर सगळं दाखवता येत असताना अजून असा चपटा, भडक रंगवलेला सेट का?

मोठ्या व्यावसायिक पॅन्टोंत एलईडी आणि प्रोजेक्शन सर्रास आलेलं आहे, आणि उडता गालिचा किंवा समुद्रातलं वादळ यांसाठी ते उत्तमच आहे. पण स्वयंपाकघर आणि चौक मी रंगवूनच करीन. पडद्यावरचा प्रकाश नटाच्या पाठीमागून सतत येत राहतो. डेमचा चेहरा त्यापुढे उठून दिसावा म्हणून पुढचे दिवे वाढवावे लागतात, आणि मग सगळंच पांढरटतं. शिवाय पॅन्टोत नट सेटची चेष्टा करतो: रंगवलेल्या दाराची कडी उघडायला जातो, रंगवलेल्या केकला बोट लावून चाटतो. तो विनोद खोटेपणा दिसण्यावर उभा आहे. गोष्टीच्या पुस्तकातल्या चित्रासारखी जाड काळी बाह्यरेषा, ठळक सावली आणि दोन-तीन शुद्ध रंग ठेवा. खऱ्या विटेसारखी वीट रंगवण्यात रात्री घालवू नका; शेवटच्या रांगेतून ती तपकिरी डाग दिसते.

५. परी एका बाजूने आणि खलनायक दुसऱ्या बाजूनेच यायला हवा, हे खरं का? मग सेट कसा आखायचा?

परंपरा तशी आहे. भली परी नटाच्या उजवीकडून, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडून येते आणि खलनायक समोरच्या बाजूने. मध्ययुगीन धर्मनाट्यांत स्वर्ग उजवीकडे आणि नरक डावीकडे असे, तिथून ही रीत आली असं सांगतात. दोघे बहुधा यमकात बोलतात आणि बहुधा फ्रंटक्लॉथपुढे, त्यामुळे रंगमंचाचे पुढचे दोन्ही कोपरे मोकळे ठेवावे लागतात. तिथे फुलझाडाच्या कुंड्या मांडू नका. परीच्या कोपऱ्यावर गुलाबी किंवा पांढरा झोत आणि खलनायकाच्या कोपऱ्यावर हिरवा, हे दिवे खेळभर तिथेच राखून ठेवा.

गावच्या हॉलमध्ये एका बाजूला विंगेऐवजी भिंतच असते. तिथे परंपरेचा हट्ट सोडा आणि दोघांपैकी एकाला प्रेक्षागृहाच्या दारातून आणा. खलनायकाला आणलंत तर पोरं जास्त खूश होतात.

६. ट्रान्सफॉर्मेशन सीन म्हणजे नक्की काय? फक्त भोपळ्याचा रथ?

आज बहुतेकांना तेवढंच माहीत असतं. व्हिक्टोरियन काळात तो सगळ्या खेळाचा कळस होता. मूळ काम साधं होतं: परीकथेतल्या पात्रांचे हार्लेक्विनच्या खेळातले विदूषक व्हायचे आणि त्यासोबत देखावा बदलायचा. १८४९च्या ख्रिसमसला लंडनच्या लायसियम नाट्यगृहात विल्यम बेव्हर्ली या चित्रकाराने एक ताडाचं झाड उभं केलं. त्याची पानं हळूहळू खाली लवली आणि आत रत्नजडित मुकुट पेललेल्या पऱ्या दिसल्या. युक्ती सोपी होती, पण लोक वेडे झाले. मग दर वर्षी अधिक कमळं, अधिक शिंपले, अधिक पऱ्या अशी चढाओढ लागली, आणि नुसतं उमलणं वीस-वीस मिनिटं चालू लागलं. त्या नाटकाचे लेखक प्लँशे यांनीच पुढे कुरकुर केली की शेवटचा देखावा नाटकापेक्षा मोठा होऊन बसला.

यातून आजही घेण्यासारखी गोष्ट म्हणजे उमलण्याचा क्रम. एका झटक्यात सगळं दाखवू नका. सिंड्रेलाच्या स्वयंपाकघरात आधी चुलीचा प्रकाश बदलू द्या, मग भिंत विरघळू द्या, मग मागे बर्फातलं रान, आणि रथ सगळ्यांत शेवटी. भिंत विरघळवायची कशी ते पुढच्या प्रश्नात.

७. आम्ही गॉझ लावला, पण मागचं सगळं आधीपासूनच दिसतं. काय चुकतं?

दहापैकी नऊ वेळा दिवा. गॉझ म्हणजे जाळीचं कापड. या कामासाठी शार्कटूथ नावाची वीण वापरतात. पुढून उजेड पडला की ते भिंतीसारखं अपारदर्शक, आणि पुढचा उजेड घालवून मागे लावला की नाहीसं होतं. पण पुढचा दिवा समोरून सरळ मारला तर उजेड जाळीतून आरपार जाऊन मागच्या वस्तूंवर पडतो. तो वरून किंवा बाजूने, जवळजवळ कापडाला घासत जाईल असा तिरका लावा. वेळ येईपर्यंत गॉझच्या मागे लगेच एक काळा पडदा ठेवा आणि बदलाच्या जरा आधी आवाज न करता उचला. मागे मंद निळा दिवासुद्धा नको. विंगेतल्या मंडळींच्या टॉर्चनेही घात होतो.

रंगवताना भोकं बुजू देऊ नका. रंग पाण्यासारखा पातळ करून फवारा किंवा कोरड्या ब्रशने लावा. कापड बिनसांध्याचं घ्या, कारण मागून उजेड आला की शिवण काळ्या रेघेसारखी दिसते. खालच्या नेफ्यात नळी घालून ताण द्या.

८. राक्षस जमिनीतून उडी मारून वर येतो, तो ट्रॅप अजून वापरतात का?

क्वचित. तो स्टार ट्रॅप. रंगमंचाच्या फळीत गोल भोक, त्यावर ताऱ्यासारखी टोकं मध्ये जुळणारी त्रिकोणी झाकणं. खाली नट छोट्या पाटावर उभा राहतो, वजनं सोडली की पाट झपकन वर येतो आणि नट झाकणं फोडून हवेत. पाय पसरले किंवा झाकण अडकलं की हाडं मोडलीच. याच्याच कुळातला, रबरी किंवा स्प्रिंगच्या झडपांतून आरपार जाण्याचा व्हॅम्पायर ट्रॅप १८२०चा. रंगमंचावरून तरंगत वर येणारा कॉर्सिकन ट्रॅप १८५२चा. तो आइल ऑफ मॅनमधल्या डग्लस गावच्या गेइटी नाट्यगृहात आजही पाहायला मिळतो. न्यूकॅसलच्या टाइन थिएटरमध्ये व्हिक्टोरियन लाकडी यंत्रणा जपलेली आहे. नेपथ्याच्या विद्यार्थ्याने लंडनऐवजी एक दिवस तिथे घालवावा.

तुमच्या हॉलमध्ये यातलं काही करू नका. हिरवा झोत, मोठा आवाज, धुराचा एक फवारा आणि बुटक्या भिंतीमागे वाकून बसलेला नट एवढ्याने काम भागतं. दारूकामाचा भपका हवा असेल तर तो चालवणारा माणूस प्रशिक्षित असला पाहिजे आणि हॉलची लेखी परवानगी हवी.

९. आमच्या हॉलला फ्लाय टॉवर (पडदे वर ओढून घ्यायची रंगमंचावरची उंच जागा) नाही, छत दहा फुटांवर. पडदे बदलायचे कसे?

जुना उपाय उत्तम आहे: गुंडाळीचा पडदा. खालच्या कडेला हलकी जाड नळी (गालिच्याच्या दुकानात फुकट मिळणारी पुठ्ठ्याचीही चालते), दोन टोकांना दोर, ओढलं की पडदा खालून गुंडाळत वर जातो. नळी मध्ये वाकली तर चित्राला सुरकुत्या पडतात, म्हणून लांबी बेतात ठेवा. गुंडाळणाऱ्या कापडावर रंगाचा जाड थर देऊ नका, तडे जातात.

दुसरा उपाय, पुस्तकासारखे उघडणारे बिजागरीचे फ्लॅट, म्हणजे चौकटीवरचे रंगवलेले उभे पल्ले. उघडलं की चौक, पान उलटलं की स्वयंपाकघर. तिसरा, चाकांवरचे तीन बाजूंचे उभे खांब; प्रत्येक बाजूला वेगळं चित्र, आणि ते फिरवायला शाळेतली मुलंही पुरतात. मोकळा मागचा भाग हवाच असेल तर रुळावर सरकणारा साधा काळा पडदा लावा आणि सगळा पैसा एका बऱ्या फ्रंटक्लॉथवर घाला.

१०. दोन माणसांची गाय आणि खरे घोडे यांसाठी सेटमध्ये काय बदलायचं?

गाईत पुढच्याला थोडंफार दिसतं, मागच्याला काहीच नाही, आणि तो वाकलेला असतो. म्हणून तिच्या वाटेवर पायरी, उतार किंवा वळण नको. विंगेतली वाट किमान चार फूट रुंद ठेवा. गाईला जागच्या जागी वळता येत नाही, हे पहिल्या तालमीला कळतंच. खरे शेटलंड पोनी मोठ्या व्यावसायिक सिंड्रेलातच ठीक. इंग्लंडमध्ये प्रयोगात प्राणी वापरायला स्थानिक कौन्सिलचा परवाना असलेला पुरवठादार लागतो. त्यांच्या खुरांखाली न घसरणारं अंथरूण लागतं, आणि जुन्या नाट्यगृहांच्या उतरत्या रंगमंचावर रथाच्या चाकांना ब्रेकही. हौशी मंडळांनी पुठ्ठ्याचे घोडे करावेत. टाळ्या तेवढ्याच पडतात.

११. फेस आणि पीठ उडवण्याच्या प्रवेशानंतर रंगमंच घसरडा होतो. उपाय?

त्याला स्लॉश सीन म्हणतात: डेम केक करते किंवा भिंतीला कागद लावते आणि सगळे माखतात. खरं क्रीम कधीच नको. चिकटतं, घसरतं आणि दुसऱ्या दिवशी वास मारतं. दाढीचा साबण किसून पाण्यात फेटलेला फेस वापरतात, तो कपड्यांतून धुऊन निघतो. जमिनीवर आधीच एक मोठं जलरोधक कापड पसरा. प्रवेश संपला की चारी कोपरे उचलून सगळी घाण त्यातच गुंडाळून आत न्या, आणि पोतेरं मारायला एक माणूस नेमूनच ठेवा. त्या देखाव्यातलं टेबल, कपाट, फ्लॅटची खालची बाजू यांना वॉर्निशचा हात द्या, नाहीतर रंग फेसाबरोबर निघून येतो. या प्रवेशानंतर मध्यंतर ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं. नाहीतर मोठा फ्रंटक्लॉथ प्रवेश लागेल (प्रश्न २).

१२. घेवड्याचा वेल वर जाताना दाखवायचा कसा? आणि राक्षस?

वेल वरून बारीक दोरीने ओढायचा. तो जमिनीवरच्या बुटक्या कुंपणामागे गुंडाळी करून ठेवलेला असतो. वाढणारा वेल आणि जॅक चढतो तो वेल एकच असण्याची गरज नाही: चढायचा वेल म्हणजे फांद्या लावलेली पक्की शिडी, भिंतीला बांधलेली. पहिला उजेडात वाढतो, पडदा पडतो, दुसरा पुढच्या प्रवेशात उभा असतो. राक्षस शक्यतो पूर्ण दाखवू नका. एक प्रचंड बूट, एक हात आणि आवाज पुरतो. पूर्ण बाहुला केला तर बहुतेक हॉलमध्ये त्याचं डोकं झालरीत जातं.

१३. शेवटी मुलांना गाणं म्हणायला लावतात ते कशासाठी? आणि जिना कसा असावा?

साँगशीट हाही एक फ्रंटक्लॉथच, गाण्याचे शब्द लिहिलेला. पोरं आणि प्रेक्षक गात असताना मागे जिना लागतो आणि सगळे नट शेवटचे झगमगीत कपडे चढवतात. अक्षरं शेवटच्या रांगेतून, आजीबाईंना चष्म्याशिवाय वाचता यायला हवीत.

जिन्यावरून सगळे एकेक करून उतरतात, डेम शेवटच्या काहींत, आणि तिचा झगा बहुधा दारातून आडवा न जाणारा. रंगमंचावर येण्याची मागची वाट आधी मोजा, मग जिना बांधा. पायरी सहा-सात इंचांहून उंच नको. नट खाली न बघता, हसत उतरतात, म्हणून प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी मारा. पायऱ्यांखाली आडवे ठोकळे द्या. पोकळ जिना ढोलासारखा वाजतो आणि वादकांना शिव्या सुचतात.

१४. आमचा सेट घरगुतीच आहे. अग्निरोधक कापडाचा आग्रह खरंच लागतो का?

लागतो. ३० डिसेंबर १९०३ला शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात ड्रुरी लेनच्याच एका पॅन्टोवर बेतलेला खेळ चालू होता. प्रेक्षागृह सुट्टीतल्या आया-मुलांनी भरलेलं. आर्क दिव्याच्या ठिणगीने मलमलीचा पडदा पेटला, आगरोधक पडदा खाली येताना मध्येच अडकला, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्याआधी १८८७मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरला गॅसच्या ज्योतीने नेपथ्य पेटून १८६ जण दगावले होते. ब्रिटिश नाट्यगृहांत प्रेक्षकांदेखत आगरोधक पडदा खाली सोडून दाखवतात, तो या अशा अनुभवांमुळे.

कापड विकत किंवा भाड्याने घेताना अग्निरोधनाचा दाखला मागा. काही कापडं जन्मतःच अग्निरोधक असतात, काहींवर प्रक्रिया केलेली असते. दुसऱ्या प्रकारावर पाणी पडलं किंवा धुतलं की प्रक्रिया जाऊ शकते. जुनी चादर रंगवून पडदा केला असेल तर त्यावर अग्निरोधक द्रव फवारा, एक तुकडा कापून मोकळ्या जागेत जाळून बघा आणि ते लिहून ठेवा. चकाकीच्या पट्ट्या, थर्माकोल आणि खरा पेंढा हे तीन चोर आधी पकडा.

१५. अलाद्दीनचा सेट चिनी असावा की अरबी?

पॅन्टोत तो परंपरेने चिनी. अठराव्या शतकात फ्रेंचमधून युरोपात पोहोचलेल्या गोष्टीतही अलाद्दीन चीनमध्येच राहतो, फक्त सुलतान आणि वजीर अरबी थाटाचे. १८६१मध्ये हेन्री बायरन या नाटककाराने अलाद्दीनच्या आईचं नाव ‘ट्वँकी’ ठेवलं, ते एका चिनी हिरव्या चहावरून. तिची धोब्याची लाँड्री आता ठरलेलीच आहे. अडचण अशी की त्या सेटसोबत तिरके डोळे, लोंबत्या मिश्या अशी थट्टाही परंपरेने आली. आता बरीच मंडळं गोष्ट काल्पनिक नगरीत नेतात. लाँड्री, गुहा आणि गालिचा ठेवा, लिहिलेली खोटी चिनी अक्षरं काढा. कुठलाच प्रेक्षक त्यांची चौकशी करत नाही. मात्र ‘मग भारतच दाखवू’ म्हणून हत्ती, साप आणि ताजमहाल एकाच पडद्यावर रंगवणाऱ्या मंडळाला तुम्हीच नको म्हणायला हवं, तिथे दुसरं कोणी म्हणणार नाही.

१६. हे तंत्र आपल्या नाट्यगृहांत चालेल का?

एके काळी चालत होतंच. १८४६मध्ये उघडलेल्या मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहाच्या काळापासून पारशी नाटकमंडळ्यांनी इंग्रजी रंगमंचावरच्या विंगा, रंगीत पडदे आणि ट्रिकसीन उचलले. संगीत नाटकांच्या मंडळ्यांनीही राजवाडा, रस्ता, जंगल असे पडदे बाळगले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी असेच पडदे रंगवत होते. म्हणून पॅन्टोचा पडदा पाहून मराठी माणसाला परका वाटत नाही.

आज अडचण वेळेची. इथे एकाच नाट्यगृहात सकाळ, दुपार, रात्र अशी तीन वेगळी नाटकं लागतात आणि सेट लावायला तास-दीड तास मिळतो. पॅन्टोचा सेट एकदा लावला की महिनाभर हलत नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात जातो. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीतल्या बालनाट्याला यातलं काय घेता येईल, तर प्रश्न २ची यादी, प्रश्न ९मधले बिजागरीचे फ्लॅट आणि एक चांगला गॉझ. टेम्पोत मावेल तेवढंच.

१७. शेवटच्या दोन ओळी तालमीत म्हणायच्या नाहीत म्हणतात. मग त्यावरचा पडद्याचा आणि कागदी बर्फाचा क्यू (इशारा) कसा बसवायचा?

अपशकुन मानतात, म्हणून पहिल्या प्रयोगापर्यंत ते शेवटचं यमक कोणी उच्चारत नाही. नट तिथे काहीतरी बडबडतात किंवा नुसते गप्प राहतात. त्यामुळे क्यू शब्दांवर टांगूच नका. वादकाकडून ठरलेली ताल-मात्रा घ्या आणि पुस्तकात ‘शेवटच्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यावर’ असं लिहा. बर्फाची पिशवी आधी, चकाकी नंतर, पडदा सर्वांत शेवटी. पहिल्या प्रयोगाला डेम हमखास स्वतःच्या पदरची दोन वाक्यं घालते, तेव्हा दोरीवरच्या माणसाचं लक्ष तिच्याकडे नको, पियानोकडे हवं.